75 मिलिमीटरचा वाद

कोकणातल्या एखाद्या जुन्या जेटीखाली ओहोटीच्या वेळी होडी घालावी आणि वर पाहावं. समुद्र बांधकामाला नेमका कुठे खातो, ते लगेच कळतं. कायम पाण्यात बुडालेला खांबाचा भाग बहुधा शाबूत असतो. त्यावर कालवं धरलेली असतात, पण आतलं काँक्रीट धड असतं. माणसं चालतात तो वरचा स्लॅबही पुष्कळदा बरा दिसतो. मधला पट्टा मात्र भरतीला भिजतो, ओहोटीला वाळतो आणि पावसाळाभर लाटांचे फटके खातो. तिथल्या तुळयांचा खालचा थर गळून पडलेला असतो, सळया उघड्या पडलेल्या असतात आणि गंजाच्या पापुद्र्यांत मूळ लोखंड किती उरलंय, याचा अंदाज येत नाही.

या पट्ट्याचं काय करायचं, यावर बंदरांच्या धंद्यात दोन मतं आहेत. ती मांडण्यासाठी मी इथे मामा आणि भाची यांना समोरासमोर बसवलं आहे. मामांची नोकरी छोट्या बंदरांच्या देखभालीत गेली, आता ते निवृत्त आहेत. भाची मुंबईत सल्लागार कंपनीत धक्क्यांचे आराखडे करते. दोघांनाही या कामाबद्दल तळमळ आहे, त्यामुळे वाद मिळमिळीत होत नाही.

भाची : मामा, खरं सांग. त्या मधल्या पट्ट्यात तू केलेली एखादी दुरुस्ती दहा वर्षं टिकली का?

मामा : एखाददुसरी टिकली. बाकीच्या चार-पाच पावसाळ्यांत पुन्हा फुटल्या. पण म्हणून दुरुस्ती करायचीच नाही का?

भाची : करायची. पण ती का फुटते, ते आधी बघ. चांगल्या काँक्रीटमध्ये चुन्यासारखा अल्कधर्मी गुण असतो. त्यामुळे सळईवर एक अतिपातळ संरक्षक थर बसतो आणि लोखंड सुरक्षित राहतं. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून आत सरकतं, सळईपाशी पुरेसं साठलं की तो थर फोडतं. मग गंज सुरू होतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा लागते, त्यामुळे काँक्रीट आतूनच फुटतं. तू काय करतोस? फुटलेला भाग फोडून काढतोस, सळई घासतोस, नवा मॉर्टर भरतोस. त्या ठिगळातली सळई सुरक्षित होते. पण शेजारच्या जुन्या काँक्रीटमध्ये क्लोराइड साठलेलंच आहे. नवा भाग आणि जुना भाग मिळून बॅटरीसारखी जोडी तयार होते आणि ठिगळाच्या कडेची सळई आधीपेक्षा जोरात गंजते. तुझी दुरुस्तीच पुढच्या फुटण्याला हातभार लावते.

मामा : हे मला कोणी पुस्तकातून शिकवलं नाही, पण ठिगळाच्या बाजूलाच फुटतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. हातोडीने ठोकत गेलं की कळतं. धड काँक्रीटचा आवाज खणखणीत येतो, आतून सुटलेल्याचा बद्द.

भाची : म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की त्या पट्ट्यात दुरुस्तीवर विसंबायचंच नाही. सुरुवातीलाच असं बांधायचं की क्लोराइडला सळईपर्यंत पोचायला पन्नास-साठ वर्षं लागावीत. आयएस 456 संहिता 2000 सालची आहे, पण त्यात हे स्पष्ट आहे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातला भाग तिने सर्वांत कठोर वर्गात घातलाय. किमान एम 40 काँक्रीट, पाणी-सिमेंटचं प्रमाण 0.40 पेक्षा जास्त नाही आणि सळईवर 75 मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर.

(इथे थोडं थांबायला हवं. याच संहितेत समुद्राच्या पाण्यात पूर्ण बुडालेल्या काँक्रीटला दोन पायऱ्या खालचा वर्ग आहे, त्याला 45 मिलिमीटर कव्हर पुरतं. सतत पाण्यात असलेला भाग अधिक सुरक्षित, हे ऐकायला उलटं वाटतं. पण गंजायला मीठ आणि ओलावा यांच्या जोडीला प्राणवायूही लागतो, आणि तो पाण्याखाली फारच कमी पोचतो. भिजणं आणि वाळणं आलटून पालटून चालतं तिथे तिन्ही गोष्टी मिळतात. वाळताना पाणी उडून जातं, मीठ मात्र मागे राहतं. पुढची भरती त्यात भर घालते.)

मामा : 75 मिलिमीटर. कागदावर. आता माझं ऐक. उधाणाच्या दिवसांत तुळईच्या तळाशी काम करायला ओहोटीचे चार तास मिळतात, कधी तीन. सेंट्रिंगवाला घाईत असतो. सळईचा पिंजरा उचलून धरायला सिमेंटचे कव्हर ब्लॉक हवेत. ते संपले की खडीचा तुकडा खाली सरकवतात. व्हायब्रेटर लावला की तुकडा निसटतो, पिंजरा बसतो आणि 75 चे 40 होतात. सेंट्रिंग काढल्यावर बाहेरून काही दिसत नाही. गुळगुळीत, देखणं काम. रंगसुद्धा लावतात.

भाची : आणि 40 झाले की काय होतं, ते ढोबळ हिशेबाने सांगते. क्लोराइड पोचायला लागणारा काळ कव्हरच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कव्हर दुप्पट, तर काळ चौपट. 75 च्या जागी 50 मिळालं तर काळ निम्म्याहूनही खाली येतो. 40 मिळालं तर जेमतेम पाव ते एक-तृतीयांश उरतो. साठ वर्षांचा आराखडा वीस वर्षांच्या आत फुटायला लागतो.

मामा : मग आराखडा कोणाचा आणि धक्का कोणाचा? तू साठ वर्षांचा केलास, आम्हाला वीस वर्षांचा मिळाला. म्हणून मी म्हणतो, समुद्रात बांधलेलं फुटणारच असं धरून चाला. खाली जायला वाट ठेवा, होडी लावायला जागा ठेवा, तुळयांच्या मध्ये माणूस उभा राहील एवढी उंची ठेवा. तुमच्या आराखड्यात हे कधीच नसतं. डेकखाली वाकून, भरती यायच्या आत, लोंबकळत आम्ही हातोडी चालवली.

भाची : वाटेचं तुझं म्हणणं मी घेते. खरंच घेते. पण खडीच्या तुकड्यावर उपाय आहे, तो म्हणजे काम समुद्रातून बाहेर काढणं. तुळया किनाऱ्यावरच्या यार्डात ओतायच्या, तिथेच नीट पाणी मारून पिकवायच्या, कव्हर मोजायचं आणि मग क्रेनने नेऊन बसवायच्या. ओहोटीची घाई फक्त सांध्यापुरती उरते.

मामा : आणि फुटतो नेमका सांधाच.

भाची : हो, सांधा हाच त्यातला दुबळा भाग आहे. तिथे स्टेनलेस स्टीलची सळई वापर. मेक्सिकोत युकातान किनाऱ्यावर प्रोग्रेसो नावाचं गाव आहे. तिथला लांब धक्का 1937 ते 1941 दरम्यान बांधला. खडी स्थानिक चुनखडीची, सच्छिद्र, पाणी शोषणारी. उष्ण, दमट, खारी हवा. तरी तो टिकला, कारण आत स्टेनलेसच्या सळया होत्या. त्याच्या शेजारी नंतर बांधलेल्या, साध्या सळईच्या धक्क्याचे नुसते अवशेष राहिले.

मामा : हे उदाहरण मला मान्य आहे. पण स्टेनलेस कैक पटींनी महाग. निविदेत सर्वांत कमी दर भरणारा जिंकतो, मग स्टेनलेस लिहिणार कोण? आणि महागडा माल म्हणजे खात्री, असंही नाही. फ्लोरिडात कीज बेटांवरच्या पुलांत सळयांवर इपॉक्सीचा लेप दिला होता. त्या काळी तो मोठा उपाय मानत. 1980 च्या दशकातच, पूल होऊन पाच-सहा वर्षं झाली नाहीत तोवर, पाण्यालगतच्या खांबांत गंज सापडला. सळई वाकवताना, उचलताना, फेकताना लेप खरवडला गेला होता. माल चांगला होता, हाताळणी नव्हती.

भाची : बरोबर. म्हणून लेपावर माझा भर नाहीच. माझा पहिला भर काँक्रीटवर आहे. सिमेंटमध्ये पोलाद कारखान्यातल्या भट्टीच्या मळीची भुकटी मोठ्या प्रमाणात घातली, की छिद्रं इतकी बारीक होतात की क्लोराइडची चाल कितीतरी मंदावते. स्लॅग सिमेंट आपल्याकडे सहज मिळतं.

मामा : मिळतं. पण ते सावकाश पिकतं, त्याला जास्त दिवस ओलं ठेवावं लागतं. मी एका ठिकाणी काय पाहिलं सांगू? गोड्या पाण्याचा टँकर परवडत नाही म्हणून क्युरिंगला खाडीचं पाणी मारलं जात होतं. पहिल्याच दिवसापासून काँक्रीटला मीठ पाजणं चाललं होतं. मी काम थांबवलं. दुसऱ्या दिवशी मलाच विचारणा झाली की काम का थांबलं.

भाची काही क्षण बोलली नाही. आराखडे करणाऱ्या लोकांपर्यंत अशा गोष्टी फार कमी पोचतात. त्यांच्या हाती येतात ती क्यूबच्या चाचणीची प्रमाणपत्रं. क्यूब गोड्या पाण्याच्या टाकीत अठ्ठावीस दिवस ठेवलेले असतात, तुळई नसते.

मामा : आमच्या लोकांना जुनं उगाच आवडत नाही. ससून डॉक 1875 चा. आजही तिथे मासळी उतरते. दगडी बांधकाम, आत सळई नाही, त्यामुळे गंजायला काही नाही. मुरूडचा पद्मदुर्ग बघ. त्याच्या तटाचे दगड लाटांनी आणि वाऱ्याने झिजून खोल गेलेत, पण दोन दगडांमधला चुना जसाच्या तसा बाहेर उभा आहे. तीनशे वर्षांहून जास्त झाली.

भाची : पद्मदुर्ग माझ्याही मनात आहे. मीठ दगडाच्या छिद्रांत शिरतं, वाळताना त्याचे स्फटिक होतात आणि ते दगडाचे कण उचकटून काढतात. चुन्याचा तो दर्जा त्याला पुरून उरला. रोमन लोकांचंही तसंच. नेपल्सच्या उपसागरालगतची ज्वालामुखीची राख चुन्यात कालवून ते समुद्रात काँक्रीट ओतत. इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या शेवटी हेरोद राजाने सिझेरियाचं बंदर बांधलं, तेव्हा ती राख इटलीहून जहाजांनी आणली होती. समुद्राचं पाणी त्या मिश्रणात शिरून नवी खनिजं तयार करतं आणि ते आणखी घट्ट होतं.

मामा : आणि सिझेरियाचं बंदर आज कुठे आहे?

भाची : पाण्याखाली.

मामा : का?

भाची : खालची वाळू बसली. भूकंपाचे धक्केही बसले असावेत. बंधारे खाली गेले.

मामा : म्हणजे काँक्रीट टिकलं आणि बंदर बुडालं. मला हेच सांगायचंय. तुमचं सगळं लक्ष मालावर. तळ, वाळू, प्रवाह, लाटा यांच्याशी रोज संबंध कोणाचा येतो? देखभालीवाल्याचा. दरवर्षी पावसाळ्यानंतर खांबांच्या पायाशी किती खोदलं गेलं, हे पाणबुड्या पाठवून बघणारा माणूस नसेल, तर तुझं काँक्रीट कितीही चांगलं असो.

भाची : पण ससून डॉकसारखं दगडी बांधकाम आज नाही करता येत, हेही सांग. आजच्या कंटेनर जहाजाला चौदा-पंधरा मीटर पाणी लागतं, वर क्रेनचं प्रचंड वजन. न्हावा शेव्यासारख्या ठिकाणी खाली मऊ गाळ आहे, तिथे दगडी भिंतीचं वजन पेलणार नाही. खांब खडकापर्यंत नेऊन त्यावर तुळया, त्यावर डेक, हाच मार्ग. म्हणजे सळई आलीच, आणि भरतीच्या पट्ट्यात आलीच.

मामा : मान्य. मग खांबांना जस्ताचे ठोकळे लाव. जहाजांना लावतात तसे.

भाची : पाण्याखालच्या पोलादाला लावतेच. ही कल्पना रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने 1824 मध्ये मांडली. तांब्याच्या पत्र्याने मढवलेल्या ब्रिटिश युद्धनौकांवर त्याने लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं वाचलं, पण तांब्याचा विषारी अंश पाण्यात उतरायचा थांबला आणि त्यावर शिंपल्यांचे थर धरले, जहाजं मंदावली. तरी तत्त्व पक्कं होतं. पण त्याला सळईपासून ठोकळ्यापर्यंत सलग पाणी लागतं. पाण्याच्या वरच्या पट्ट्यात ते मिळत नाही. फिरून आपण त्याच मधल्या पट्ट्यावर येतो.

इथपर्यंत भाचीचं पारडं जड होतं, असं मला वाटतं. मग विषय लाटरोधकावर गेला आणि बाजू फिरली.

मामा : बरं, आता ब्रेकवॉटर. तिथेही एकदाच बांधून सुटका?

भाची : तिथेही हिशेब आहे. लाटेची उंची दुप्पट झाली तर दगडाचं वजन आठपट लागतं. हडसनच्या सूत्रात उंचीचा घन येतो. खाणीतून तेवढा मोठा दगड निघत नाही, म्हणून टेट्रापॉड. 1950 मध्ये फ्रान्समध्ये निघाले, मरीन ड्राइव्हवर आपण रोज बघतो. त्यांची चार टोकं एकमेकांत अडकतात, म्हणून कमी वजनात जास्त ताकद मिळते.

मामा : आणि पोर्तुगालमधलं सिनिश?

भाची : ते माहीत आहे मला.

मामा : मग वाचणाऱ्यांना सांग.

भाची : सिनिशला खोल पाण्यातला लाटरोधक बांधत होते. 42 टनांचे डोलोस, म्हणजे टेट्रापॉडच्याच घराण्यातले, पण अधिक सडपातळ हातांचे ठोकळे. फेब्रुवारी 1978 च्या वादळात बाहेरच्या आवरणाचा मोठा भाग गेला. ठोकळे लाटांनी नुसते हलले नाहीत, तुटले. ठोकळा मोठा करत गेलं की वजन घनाने वाढतं, काँक्रीटची ताकद मात्र तीच राहते. प्रयोगशाळेत लहान प्रतिकृती होत्या. त्या हलत होत्या, एकमेकांवर आपटत होत्या, पण लहान असल्यामुळे मोडत नव्हत्या.

मामा : बघ. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात लाटांच्या टाकीत प्रतिकृती तपासतात, ते काम मी मानतो. तिथल्या चाचण्यांनी कितीतरी चुका बांधण्याआधी सापडतात. पण प्रतिकृतीला काय कळत नाही, तेही कळायला हवं. साध्या दगडांच्या ढिगाचा गुण असा, की तो हळूहळू बिघडतो. चार दगड निसटतात, उतार थोडा बसतो, आपण बघतो, पावसाळा संपला की दगड टाकतो. सडपातळ ठोकळे एका रात्रीत जातात. ब्रेकवॉटर कधीच न हलणारा बांधायचा नसतो. तो हलला तर दुरुस्त करता येईल असा बांधायचा असतो. त्यासाठी खाण जवळ राखून ठेवायची, माथ्यावर क्रेन जाईल एवढी रुंदी ठेवायची.

भाची : लाटरोधकाबद्दल मी तुझ्याशी भांडणार नाही. तिथे तू बरोबर आहेस. तिथे सळई नाही, क्लोराइडचा प्रश्न नाही, बिघाड उघड दिसतो. पण तोच नियम तू तुळईला लावतोस, ते चूक. तुळईतला बिघाड दिसतो तेव्हा आतलं युद्ध संपलेलं असतं.

मामा : हे मात्र तू नीट बोललीस.

थोड्या वेळाने मामांनी आणखी एक गोष्ट काढली. ती टिकाऊपणाच्या पलीकडची, पण टाळण्यासारखी नाही.

मामा : पुदुच्चेरीला 1980 च्या दशकाच्या शेवटी बंदराचे लाटरोधक बांधले. किनाऱ्याने उत्तरेकडे वाहणारी वाळू दक्षिणेला अडली आणि उत्तरेला शहरासमोरची पुळण नाहीशी झाली. लोक दगडांची भिंत बघत बसायचे. नंतर राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने पाण्याखाली अडथळा उभा केला, तेव्हा थोडी वाळू परत आली. लाटरोधक पक्का होता, मोडला नाही. नुकसान शेजाऱ्याचं झालं. आपल्या रत्नागिरीत मिऱ्याच्या बंधाऱ्यावर किती वर्षं दगड टाकतोय आपण? पक्कं बांधलं म्हणजे चांगलं बांधलं, असं समीकरण नाही.

भाचीने यावर वाद घातला नाही. ती पैशांकडे वळली.

भाची : डच अभियंता डी सिटर याने 1984 मध्ये एक ढोबळ नियम मांडला होता. आराखडा आणि बांधकामात नीट खर्च करायचा एक रुपया वाचवला, तर गंज सुरू व्हायच्या आधीच्या देखभालीत पाच, गंज सुरू झाल्यावर दुरुस्तीत पंचवीस आणि मोठ्या पुनर्बांधणीत एकशेपंचवीस रुपये जातात. आकडे नेमके नाहीत, पण चढण खरी आहे. म्हणून मी पहिल्या रुपयासाठी भांडते.

मामा : आणि मी दुसऱ्या पायरीवरच्या पाच रुपयांसाठी. कारण पहिला रुपया गेला, नारळ फुटला, फीत कापली, की त्या जेटीच्या नावाने पुढे खर्चाचा रकानाच राहत नाही. देखभालीची अंदाजपत्रकं आम्ही पाठवायचो, ती परत यायची. जेटी फुटली की दुरुस्तीचे पंचवीस मात्र मंजूर होतात, कारण तेव्हा वर्तमानपत्रात फोटो येतो.

भाची : मग आपण दोघं एकाच गोष्टीसाठी भांडतोय.

मामा : नाही. तू म्हणतेस बांधणाऱ्यावर विश्वास ठेवता येईल असं बांधू. मी म्हणतो विश्वास न ठेवता मोजू.

वादातलं हे वाक्य मला सगळ्यांत मोलाचं वाटलं. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात भाचीचं म्हणणं खरं आहे. तिथे पहिल्याच वेळी योग्य काँक्रीट, पूर्ण कव्हर आणि गरजेपुरतं स्टेनलेस घालण्याला पर्याय नाही. लाटरोधकावर मामांचं म्हणणं खरं आहे. पण कव्हर खरोखर मिळालं की नाही हे जर कोणी मोजलंच नाही, तर भाचीचा आराखडा आणि मामांची हातोडी दोन्ही व्यर्थ जातात. मोजायचं यंत्र महाग नाही. कव्हरमीटर हातात मावतो, काँक्रीट न फोडता आतली सळई किती खोल आहे ते सांगतो. एका जेटीच्या भरतीच्या पट्ट्यातल्या सगळ्या तुळया एक अभियंता काही ओहोटींत मोजू शकतो.

पालघर जिल्ह्यात वाढवणला 76,220 कोटी रुपयांच्या मंजूर खर्चाचं बंदर उभं राहणार आहे. त्याचा लाटरोधक दहा किलोमीटरहून लांब असेल. तिथल्या मच्छीमारांचे आक्षेप हा स्वतंत्र आणि गंभीर विषय आहे. त्या बंदरावर देशाची नजर राहील. पण वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत गावोगाव ज्या छोट्या जेट्या होतात, त्यांवर कोणाचीच नजर नसते, आणि त्याच सर्वांत लवकर फुटतात.

तुमच्या गावात नवी जेटी होत असेल, तर मच्छीमार सोसायटीने आणि ग्रामपंचायतीने काम चालू असतानाच लेखी मागणी करावी: सेंट्रिंग काढल्यावर कव्हरमीटरने मोजलेल्या आकड्यांची यादी, क्युरिंगला वापरलेल्या पाण्याची चाचणी, आणि पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीसाठी वेगळी ठेवलेली रक्कम. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करावा. आणि 75 मिलिमीटरचे आकडे हाती येईपर्यंत ठेकेदाराचं शेवटचं बिल देऊ नका, असं संबंधित कार्यकारी अभियंत्यांना स्पष्ट लिहून द्यावं.